विचारायचं नसतं

१ ऑक्टोबर

गेला. शेवटी गेलाच! चहा झाल्यावर खिडकीतून नदीकडे बघत बसला, मग म्हणाला, "जरा पलीकडे जाऊन येतो." मी म्हटलं, "बरं." संपलं. आमच्यात याहून जास्त बोलायचं नसतं. ऑक्टोबरात पुरुषमाणूस "जरा पलीकडे" म्हणाला की बाईने शिवण हातात घ्यावी आणि खाली बघावं. कुठे, कशाला, किती दिवस — विचारायचं नसतं. विचारलं की जमिनीत झोपलेल्याला ऐकू जातं. तो उठतो, निघून जातो, आणि आपला माणूस रिकाम्या बिळापुढे उभा. त्याचं नाव मी इथेसुद्धा लिहीत नाही. काळा, लठ्ठ, हिवाळाभर निजणारा — एवढं पुरे.

वॉर्नरने बोटीत पीठ टाकलं, चहा, अर्धं पोतं सुका सॅल्मन मासा, केसाळ कातड्याची झोपायची पिशवी. बंदूक ताडपत्रीत गुंडाळलेली. मी बघितलं नाही — म्हणजे बघितलं, पण शिवताशिवता. मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. अडुसष्ट वर्षांचा आहे, पण पाठ अजून ताठ. नदी गोठायच्या आत माझ्या घरात ताजी चरबी येणार. मोठ्याने बोलले तर पाप, म्हणून लिहून ठेवते. कागदाला कान नसतात.

३ ऑक्टोबर

ओडेल आली. माझी नणंद, वॉर्नरची धाकटी बहीण. पोट भरलेलं असो नसो, दुपारी चहाला माझ्याकडे.

"वहिनी, दादा दिसत नाही?"

"नाही दिसत."

"अस्सं."

मग दोघी कितीतरी वेळ हवेबद्दल बोललो. निघताना दारात वळून म्हणते, "माझा मोठा टोप लागला तर सांग हं. आपलं असंच म्हटलं." बया! टोप कशाला लागणार ते तिलाही ठाऊक, मलाही. दोघी खालमानेने हसलो.

माझं जाळं आज पाण्यातून काढलं. आता वरून बर्फाचा भुगा येईल, जाळं ठेवलं तर चिंध्या होतील. क्लिफर्डने अजून काढलेलं नाही. ओडेलचा मुलगा हा, चाळिशी उलटली, गावचा प्रमुख झालाय. त्याला म्हटलं, परवापर्यंत काढ बाबा. म्हणतो, "मामी, अजून आठवडा आहे." प्रमुख झाला की नदीसुद्धा विचारून गोठते असं वाटत असेल.

५ ऑक्टोबर

काढलं नाही.

७ ऑक्टोबर

म्हटलं नव्हतं? सकाळी पाण्यावर भुगा. दुपारी ताटाएवढे तुकडे, संध्याकाळी अंगणाएवढे, एकमेकांना घासत चाललेत. काठावर उभं राहिलं की सारखं सर्र सर्र ऐकू येतं, कुणी पोत्यातून साखर ओततंय तसं. आता ना बोट चालणार, ना पायी जाता येणार. जो जिथे आहे तो तिथे — नदी थांबेपर्यंत.

क्लिफर्डचं जाळं गेलं! कंबरेवर हात ठेवून काठावर उभा होता. मी नुसती शेजारी जाऊन उभी राहिले.

"बोल ना मामी. बोलून टाक एकदाचं!"

"मी कुठे काय म्हटलं?"

दोन दिवस पुरेल एवढं सुख झालं मला.

दर वर्षी गोठलेल्या नदीवर पहिलं पाऊल माझं असतं. माझ्या आधी आईचं असायचं. मी दांडा आपटते, ऐकते, आणि सांगते — आज, किंवा आज नाही. माझ्या शब्दावर पलीकडे गेलेला एकही माणूस आजवर बुडालेला नाही. तेव्हा नदीतलं मला कळतं असं मी म्हणते, ती फुशारकी नाही. असली तरी खरी आहे.

वॉर्नर पलीकडे अडकला. अडकला म्हणजे काय, त्याला तेच हवं असणार. सापळ्यांच्या वाटेवरचं आमचं खोपट आहे, चूल आहे, वसंतात मी स्वतः रचून ठेवलेलं सरपण आहे. नदी थांबली की येईल चालत, पाठीवर ओझं घेऊन. घाई कुणाला आहे?

९ ऑक्टोबर

आज वॉर्नरची बोट गावासमोरून वाहत गेली. रिकामी.

मुलं ओरडत आली तशी सगळी काठावर धावलो. बर्फाच्या तुकड्यांत अडकून ती हळूहळू गोल फिरत चालली होती. एकदा नाक आमच्याकडे, एकदा शेपूट. आत कुणी नाही. ओडेलने माझा दंड असा धरला की अजून दुखतोय. मग तिला रडू फुटलं, तिच्यामागून बाकीच्या बायकांना.

मी रडले नाही. मी बघत होते. मोटर वर उचललेली होती! पंखा पाण्याबाहेर! माणूस बोट काठाला लावतो, मोटर वर करतो, मग उतरतो. पाण्यात पडणारा माणूस आधी मोटर वर करून मग पडत नाही. आणि आत एक वस्तू नव्हती. पिठाची पिशवी नाही, ताडपत्री नाही. म्हणजे सामान उतरवलं, खोपटात नेलं. मग कधीतरी बर्फाने दोर कापला. दर वर्षी कुणाची तरी बोट अशी जाते.

हे सगळं मी तिथेच मोठ्याने सांगितलं. क्लिफर्डने मान हलवली, पण डोळे भलतीकडे. "असेल मामी, असेल तसं." असेल काय? आहे!

एकच दोर बांधला असणार, आळशी कुठला. आला की चांगली हजेरी घेते. नवी मोटर होती.

१० ऑक्टोबर

लोक पाव आणून ठेवताहेत. सूपही आणताहेत. माझ्या घरात कुणी मेलंय का? सूप कुत्र्यांना घातलं. ओडेलचं तेवढं खाल्लं, ती चांगलं करते.

१३ ऑक्टोबर

ढग जरा वर गेले तसं टपालाचं विमान खोपटावरून फिरून आलं. क्लिफर्डनेच रेडिओवरून सांगितलं होतं. वैमानिक उतरला, टोपी हातात घेऊन माझ्याकडे आला. टोपी हातात घेतली की समजावं!

"बाई, दोनदा फिरलो. दारापुढे ताजी पावलं नाहीत. धूर नाही."

मी त्याला चहा दिला. धूर कसा असेल? झोपलेला जवळपास असताना कुणी चूल पेटवतं का? त्याला वास जातो. वॉर्नरचे वडील तर आठ-आठ दिवस सुका मासा चघळून काढायचे. पण हे त्या वैमानिकाला सांगायचं कुणी? मी बाई, माझ्या तोंडून तो विषयच निघता कामा नये. क्लिफर्ड पुरुष, पण तोही बोलणार नाही — मामा अजून बाहेर आहे, शब्द निघाला की मामाचं नशीब गेलं. आम्ही मामी-भाचे एकमेकांकडे बघत बसलो. वैमानिकाने चहा संपवला आणि "मला फार वाईट वाटतं" म्हणून गेला.

त्याला कशाचं वाईट वाटलं कोण जाणे. मला तर उलट बरं वाटलं. धूर नाही म्हणजे वॉर्नर कामावर आहे.

१४ ऑक्टोबर

कडाक्याची थंडी. पडू दे. जितकी जास्त, तितकी नदी लवकर थांबेल.

१५ ऑक्टोबर

आज बर्गमनबाबा आले. काठी टेकत, निसरड्या वाटेने, एवढ्या वयात. गावात कुणी गेलं की त्याचं गाणं बाबाच रचतात. घरोघर फिरून विचारतात — कसा चालायचा, काय खायचा, कशावर चिडायचा. मग वर्षभराने त्याच्या नावाच्या जेवणावळीत ते गाणं सगळे म्हणतात, आणि त्यानंतर गेलेल्याला निघून जायला मोकळीक मिळते. माझ्या आईचं गाणं त्यांनीच केलं.

"बैस सेलीना," म्हणाले. माझ्याच घरात मला! "थोडं विचारायचं होतं. वॉर्नर हसायचा कसा गं?"

"हसायचा? हसतो."

"हो, हो. हसतो. पण कसा?"

"नाकातून."

"नाकातून..." मान डोलवत पुटपुटले. जुळवत होते! हातातला मासा मी फळीवर आपटला.

"बाबा, तुम्ही माझ्या नवऱ्याचं गाणं करताय?"

"सुरुवात करून ठेवतो. गाण्याला वेळ लागतो बाई. आणि माझं वय बघ. ऐन वेळी मीच नसलो तर?"

"मग तुमचं गाणं तो करेल!"

"त्याला चाल जमत नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला.

मला हसूच आलं. रागात हसू आलं की राग दुप्पट होतो. हाताला धरून त्यांना दारापर्यंत नेलं. उंबऱ्यावर थांबून म्हणतात, "एक ओळ झालीये. म्हणू?"

"खबरदार!"

दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. भीती वाटली. लिहून टाकते, कोण बघतंय? भीती वाटली. तो मेलाय म्हणून नाही, तो जिवंत आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. पण उभा जन्म या माणसाशेजारी झोपले, आणि तो हसतो कसा म्हणून विचारलं तर मला "नाकातून" एवढंच सापडलं.

१६ ऑक्टोबर

भीती गेली. पोटभर झोपले. फळ्यांची दुरुस्ती केली, कुत्र्यांचा मासा चिरला, ओडेलच्या चुलीचं नळकांडं साफ करून दिलं. ती रडत होती आणि मी काजळी खरवडत होते. "तुला काहीच कसं वाटत नाही वहिनी?" म्हटलं, वाटतं गं. तुझ्या चुलीची लाज वाटते.

१७ ऑक्टोबर

आज मी केलं. आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

फेअरबँक्स शहरातून पोलीस रेडिओवर आला. कचेरीत गावातले झाडून सगळे पुरुष जमले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले. पोलीस आवाजावरून तरुण वाटला, बरा वाटला.

"हे गृहस्थ तिथे काय करायला गेले होते?"

"फिरायला," क्लिफर्ड म्हणाला.

"फिरायला? या दिवसांत? बोटीने?"

"हो."

"पिठाची पिशवी घेऊन?"

क्लिफर्डने डोकं खाजवलं. "भूक लागते फिरून."

"बरं, पण नक्की कुठे?"

"पलीकडे."

"अहो साहेब, माझ्या नकाशात सगळं पलीकडेच आहे! हे बघा, हेलिकॉप्टर मिळेल. पण एका फेरीपुरतं. खोपटात ते दिसत नाहीत. मग कुठे शोधायचं तेवढं सांगा. कुणालाच माहीत नाही?"

सगळ्यांना माहीत होतं! वॉर्नरच्या टेकड्या कुठल्या, बिळं कुठल्या उतारावर, तिथल्या एकेका माणसाला माहीत. त्याच्या वडिलांपासून माहीत. आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. त्याचं वाईट चिंतून नव्हे. त्याचं नशीब राखायला! त्याला मरू देतील, पण त्याचं नशीब बिघडू देणार नाहीत.

मी क्लिफर्डच्या हातातून रेडिओ घेतला.

"अस्वल," मी म्हटलं. "माझा नवरा अस्वलाच्या शिकारीला गेलाय. खोपटाच्या मागे दोन टेकड्या आहेत. दक्षिणेकडच्या उतारावर बिळं. खोपटात नसेल तर तिथे बघा."

झालं. बघ, इथेही लिहिलं. अस्वल. अस्वल. अस्वल! छप्पर कोसळलं नाही.

कोपऱ्यातले दोघं-तिघं तर उठून बाहेरच गेले, मी जणू तिथे काही सांडलं होतं. ओडेल दाराशी होती, तिने कानांवर हात घेतले. क्लिफर्ड पांढराफटक. "मामी, हे काय केलंस?" म्हटलं, आधी माणूस, मग त्याचं नशीब. माणूस आला की नशीब मागून येईल, लांब नाही ते.

रेडिओतून पोलीस म्हणाला, "एवढंच सांगायला अर्धा तास लागला?"

उद्या हेलिकॉप्टर.

१८ ऑक्टोबर

धुकं.

१९ ऑक्टोबर

धुकं. शेजारचं घर दिसत नाही. माझ्या जिभेने धुकं आणलं म्हणे! कावळा बसायला आणि फांदी मोडायला. ओडेल आली नाही. मी गेले तर दार उघडलं, पण बस म्हणाली नाही. "तू त्याची परतीची वाट बंद केलीस वहिनी." एवढंच. मी परत फिरले. तिचा भाऊ आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे तो.

हेलिकॉप्टर आता दुसऱ्या कुठल्या कामाला गेलं. पुन्हा कधी, सांगता येत नाही म्हणाले. नको तर नको. मला पाय आहेत.

२० ऑक्टोबर

थांबली! पहाटे जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज बंद झाल्याने. सर्र सर्र नाही. कोट घालून काठावर गेले तर ही अशी पसरलेली, पांढरी, खडबडीत, गप्प. तिला म्हटलं, उशीर केलास, पण आलीस.

२२ ऑक्टोबर

दांडा घेऊन गेले. काठाजवळ धरतंय. मध्यात पहिल्याच घावाला पाणी वर आलं.

क्लिफर्ड दोर, बर्फावर ओढायची स्लेज, सगळं घेऊन तयार. "निघू या मामी. मी पुढे होतो."

"आज नाही."

"मामा आहे तिकडे!"

"माझाही कुणीतरी लागतो तो. आज नाही."

इतक्या वर्षांत हे दोन शब्द एवढे जड कधी लागले नव्हते. पण खोटं बोलायचं ते माणसांशी. नदीशी नाही.

२३ ऑक्टोबर

आज नाही.

२४ ऑक्टोबर

उद्या.

२६ ऑक्टोबर

आणला! माझा नवरा घरात आहे, चुलीपाशी, सूप पितोय, आणि मी लिहितेय. आता सगळं नीट सांगते.

काल उजाडताच निघालो. मी पुढे दांडा आपटत, कंबरेला दोर, दोराचं दुसरं टोक मागे क्लिफर्डकडे. मध्यात दोनदा वाट बदलली. एकदा बर्फ बोलला, लांबलचक, पायाखालून गेला तो आवाज. क्लिफर्ड जागच्या जागी थिजला. म्हटलं, चल, बोलतोय म्हणजे घट्ट होतोय. गप्प असतो तेव्हा घाबर. पलीकडच्या काठावर पाय ठेवल्यावर त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला हसू आलं.

खोपटाशी पोचायला दुपार झाली. दारापुढे बर्फ साचलेला. धूर नाही. क्लिफर्ड थांबला. "मामी, आधी मी बघतो." म्हटलं, बाजूला हो.

दार ढकललं. आत बाहेरच्याइतकंच गार. वॉर्नर बाकावर, कंबरेपर्यंत झोपायच्या पिशवीत, भिंतीला टेकून बसलेला. दाढी वाढलेली, गालांत खड्डे. तोंड दाराकडेच. मी दारात उजेडात उभी — आणि हा विचारतो, "कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बायको! आणखी कुणी यायची होती का?"

मग म्हणाला, "सेलीना. तू कशाला आलीस?"

रागावला होता! रागावणारच. चुलीत राख मूठभर. मी रचलेलं सरपण जवळजवळ तसंच. पिठाची पिशवी अर्ध्याहून जास्त भरलेली. बंदूक कोपऱ्यात, ताडपत्रीची गाठसुद्धा सुटलेली नाही, म्हणजे अजून बीळ सापडलेलं नव्हतं. एवढे दिवस धुरावाचून, मुठीमुठीने खाऊन, गारठ्यात बसून राहिला — असा शिकारी आता या नदीवर दुसरा नाही. आणि मी बाई, बुटांनिशी धाडकन त्याच्या शिकारीत घुसले. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडले. माझं मलाच नवल वाटलं. क्लिफर्डही रडला. मामाचे हात हातात धरून बसला, पण विचारलं काही नाही. शहाणा पोरगा.

चूल धडधडून पेटवली, सूप केलं, रात्र काढली. आज सकाळी निघालो. स्लेजवर बस म्हटलं तर नको म्हणाला. चालला. नदीवर आल्यावर मात्र त्याने माझी बाही धरली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत सोडली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! नाहीतर माझ्या बर्फाच्या बाबतीत नेहमी दोन शब्द ऐकवायचा. म्हटलं, आता पटली ना किंमत?

गाव काठावर लोटलं होतं. ओडेल घसरत, पडत, बर्फावरच धावत आली आणि दोघांच्या गळ्यात पडली. आधी दादाच्या, मग माझ्या. माझ्याही! बर्गमनबाबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. म्हणतात, "आता या गाण्याचं मी काय करू? चांगलं जमलं होतं."

"ठेवा," वॉर्नर म्हणाला. "लागेल."

सगळे हसले. मीही. मग मी एकेकाच्या तोंडावर सांगितलं — मोटर वर होती! मी म्हटलं होतं! धूर नाही म्हणजे कामावर आहे, मी म्हटलं होतं! क्लिफर्ड म्हणाला, "हो मामी, म्हटलं होतंस." चार वेळा म्हणायला लावलं त्याला.

२८ ऑक्टोबर

वॉर्नर गप्प गप्प. मी रेडिओवर ते नाव घेतलं, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं दिसतंय. रुसलाय. रुसू दे. रुसायलाही माणूस जिवंत लागतो.

३० ऑक्टोबर

बर्फाखाली जाळं लावलं. पहिल्याच दिवशी चांगले मासे. ओडेल नेहमीसारखी चहाला. माझ्यासारखी सुखी बाई आज या नदीवर नाही. मोठ्याने म्हणत नाही, लिहिते.

२ नोव्हेंबर

आज चहा व्हायच्या आधीच तो बोलला. भिंतीकडे तोंड करून. "बोट बर्फाने नाही नेली. मीच सोडली."

त्याचे डोळे जाताहेत. एक तर गेलाच. फेअरबँक्सच्या डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं. "आंधळा म्हातारा तुझ्या गळ्यात कशाला, म्हणून गेलो, परत न यायला. शिकारीला नाही गेलो. तू विचारणार नाहीस, हे ठाऊक होतं." मग थोड्या वेळाने, "रोज म्हणायचो, उद्या. उद्या उजाडायचं आणि भूक लागायची."

मी चहाची किटली चुलीवरून उतरवून ठेवली.

तो उठला, भिंत चाचपत गेला, बूट चढवायला लागला. मी विचारलं, "कुठे?"

"लाकडं आणायला."

"कुठून?"

"दारातूनच, सेलीना."

मी माझेही बूट घेतले.